अंतराळातला निरोप्या



२०२५ च्या जून महिन्यात आपल्या हवाई दलाचे अधिकारी शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले होते, हे तुम्हाला आठवत असेल. तिथे त्यांनी इतर प्रयोगांबरोबर मूग आणि मेथीचे दाणेही रुजत घातले. २८ जूनला ते पंतप्रधानांशी बोलले. समोरासमोर ओसरीवर बसून बोलावे तसे ते बोलणे आपण घरोघरी टीव्हीवर पाहिले.

त्या बोलण्यातली एक गोष्ट मात्र टीव्हीवर दिसली नाही. ते स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते. मुंबईहून कोल्हापूरला जायचे तर जवळपास एवढेच अंतर पडते. तरीसुद्धा शुक्लांचा आवाज तिथून सरळ खाली आला नाही. तो आधी आणखी वर गेला, सुमारे ३६,००० किलोमीटरवर. तिथे एका उपग्रहाने तो झेलला, खाली अमेरिकेच्या भूकेंद्राकडे धाडला आणि मग तो फिरत फिरत दिल्लीला पोचला. माणूस जवळ, पण त्याचा निरोप नव्वद पट लांबून!

हा उलटा उद्योग कशासाठी, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे, कारण ज्या उपग्रहांच्या नजरेखालून आज आपली शेते जातात, त्यांच्यापैकी काही उपग्रहांचे कामही अशाच निरोप्यावर चालते.

पाण्याच्या पाळीसारखी गाठ

रेडिओच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि आपली पृथ्वी गोल आहे. ४०० किलोमीटर उंचीवरच्या यानाला चारी बाजूंनी सुमारे सव्वादोन हजार किलोमीटरपर्यंतचीच जमीन दिसते. त्यापलीकडची पृथ्वीच्या बाकाआड जाते. टेकडीच्या पलीकडच्या माणसाला कितीही मोठ्याने हाक मारली तरी पोचत नाही, तसाच हा प्रकार आहे.

त्यात ते यान एका जागी थांबत नाही. तासाला सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने ते धावत असते आणि दीड तासात पृथ्वीची एक फेरी पुरी करते. एखाद्या भूकेंद्राच्या क्षितिजावर ते उगवले की फार तर दहा मिनिटांत दुसरीकडे मावळते. तेवढ्यात जे काय बोलायचे ते बोलून घ्यायचे.

कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना हे लगेच कळेल. चारीला पाणी आले, आपली पाळी लागली, की तेवढ्या वेळात भिजेल तेवढे रान भिजवायचे. पाळी संपली की पाटकरी दार फिरवणार. यानाची आणि भूकेंद्राची गाठ ही अशीच पाळीची गाठ होती. मधल्या वेळात गोळा झालेली माहिती यानावरच्या टेपरेकॉर्डरमध्ये साठवत आणि पाळी आली की भराभर खाली सोडत. टेपरेकॉर्डर म्हणजे यानावरचे शेततळेच म्हणा.

पाळ्या वाढाव्यात म्हणून अमेरिकेने देशोदेशी भूकेंद्रे बांधली आणि समुद्रात जहाजे उभी केली. रशियानेही मोठमोठी जहाजे या कामाला लावली. इतका खटाटोप करूनही अमेरिकेच्या अंतराळवीरांना दर फेरीत सुमारे १५ टक्के वेळच जमिनीशी बोलता येई. नव्वद मिनिटांत जेमतेम तेरा-चौदा मिनिटे! उरलेला सगळा वेळ ते एकटे.

ज्या वेळी हाक पोचत नव्हती

हे एकटेपण किती महागात पडू शकते, ते १६ मार्च १९६६ रोजी दिसले. जेमिनी-८ या यानात नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट हे दोघे होते. पुढे चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारे आर्मस्ट्राँग ते हेच. त्यांनी आपले यान कक्षेतल्या दुसऱ्या एका निर्मनुष्य यानाला जोडले. त्यानंतर थोड्याच वेळात ही जोडी आपोआप गरगरू लागली.

नेमके त्या वेळी ते कोणत्याही भूकेंद्राच्या टप्प्यात नव्हते. काय बिघडले ते विचारायला कोणी नाही आणि सांगायलाही कोणी नाही. त्यांना वाटले, दोष जोडलेल्या यानात असावा. म्हणून त्यांनी ते सोडून दिले, तर गरगरणे आणखी वाढले. दोष त्यांच्याच यानात होता. दिशा वळवणारा एक लहानसा झोत चालू राहून अडकला होता. यान सेकंदाला एक गिरकी घेऊ लागले. अशा गिरक्यांत माणसाची शुद्ध हरपायला फार वेळ लागत नाही.

पॅसिफिक महासागरात उभ्या असलेल्या जहाजाच्या टप्प्यात यान आले, तेव्हा कुठे खालच्यांना कळले की वर काय चालले आहे. आर्मस्ट्राँग यांनी परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवलेले झोत वापरून यान सावरले. ते राखीव इंधन खर्ची पडल्यामुळे मोहीम तिथेच आटोपून दोघांना त्याच दिवशी समुद्रात उतरावे लागले. जीव वाचले ते त्यांच्या धीरामुळे.

उंच माळ्यावरचा राखणदार

यावर उपाय काय? घरात लाल भोपळा असेल तर मुलांना जवळ बोलवा आणि एक गंमत करून दाखवा. भोपळ्याला डोळा अगदी भिडवून पाहायला सांगा. सालीचा बोटभर तुकडाच दिसेल. आता दहा पावले मागे जाऊन पाहायला सांगा. जवळजवळ अर्धा भोपळा एका नजरेत येईल. त्यावर एखादी मुंगी चालत असेल तर तीही बराच वेळ नजरेत राहील.

अंतराळात हेच केले. जोंधळा हुरड्यात आला की आपण रानात उंच माळा घालतो आणि त्यावर राखणदार बसवतो. तसा एक राखणदार पृथ्वीपासून लांब बसवायचा आणि जवळून फिरणाऱ्या यानांवर त्याने वरून नजर ठेवायची.

पण हा राखणदार तरी एका जागी कसा थांबेल? विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर उपग्रह नेला तर त्याची एक फेरी पृथ्वीच्या एका गिरकीइतक्याच वेळात होते. पृथ्वी फिरते तसा तोही फिरतो आणि आपल्याला तो आकाशात एकाच जागी खिळल्यासारखा दिसतो. याला भूस्थिर उपग्रह म्हणतात. तुमच्या घरावरची टीव्हीची छत्री बसवणाऱ्याने एकदा दक्षिणेकडे तोंड करून बसवली आणि ती पुन्हा हलवावी लागली नाही, याचे कारण हेच.

टीव्हीचा उपग्रह जमिनीवरचा कार्यक्रम जमिनीवरच परत देतो. आपल्या निरोप्याचे काम त्याहून अवघड. त्याला एक अँटेना भूकेंद्राकडे रोखून दुसरी अँटेना धावत्या यानामागे सतत फिरवावी लागते. यान खाली वेगाने पळते आहे, आणि ३६,००० किलोमीटरवरून त्याच्यावरची नजर ढळू द्यायची नाही. यानाची हाक घ्यायची आणि जशीच्या तशी खाली द्यायची. खालचा हुकूम घ्यायचा आणि जसाच्या तसा यानाला द्यायचा. या उपग्रहाला स्वतःचे काही सांगायचे नसते. इंग्रजीत याला रिले उपग्रह म्हणतात. आपण निरोप्या म्हणू.

पहिला निरोप्या वाटेत अडकला

अमेरिकेच्या नासा संस्थेने असा पहिला उपग्रह एप्रिल १९८३ मध्ये चॅलेंजर यानातून धाडला. त्याचे नाव टीडीआरएस-१. वजन दोन टनांहून अधिक, आणि अंगावर छत्रीसारख्या उघडणाऱ्या, सुमारे पाच मीटर रुंदीच्या दोन जाळीदार अँटेना. चॅलेंजरने त्याला खालच्या कक्षेत सोडले. तिथून उंच नेण्यासाठी त्याला दोन टप्प्यांचे रॉकेट जोडले होते.

पहिला टप्पा ठीक चालला. दुसरा चालता चालता बिघडला. उपग्रह आणि रॉकेट दोन्ही कोलांट्या खाऊ लागले. खालच्या तंत्रज्ञांनी हुकूम धाडून उपग्रह रॉकेटपासून सोडवला आणि स्थिर केला. पण तो पोचायच्या ठिकाणी पोचलाच नव्हता. कक्षा वेडीवाकडी झाली होती. एका टोकाला ती सुमारे ३५,००० किलोमीटर उंच होती, तर दुसऱ्या टोकाला २२,००० किलोमीटरहूनही कमी.

त्याच वेळी आणखी एक उपग्रह या निरोप्याची वाट पाहत होता. तो म्हणजे १९८२ च्या जुलैमध्ये उडालेला लँडसॅट-४. पिके, जंगले आणि पाणी यांची चित्रे घेणारा हा उपग्रह. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे तीस मीटर लांब आणि तीस मीटर रुंद जमीन, आपल्या हिशेबाने सुमारे नऊ गुंठे. ही बारीक चित्रे थेट जमिनीवर धाडणारी त्याची यंत्रणा १९८३ च्या सुरुवातीला निकामी झाली. नजर शाबूत, पण वाचा गेलेली. निरोप्या जागेवर पोचला तरच त्याची ती चित्रे खाली येणार होती.

उपग्रहावर काही चिमुकले झोत होते. जागेवर बसल्यानंतर थोडे इकडेतिकडे सरकण्यापुरते ते दिलेले. एका झोताचा जोर किती? हातात अर्धा किलोचे माप तोलून धरायला लागतो, साधारण तेवढा. आणि ढकलायचा होता दोन टनांहून जड उपग्रह, तोही हजारो किलोमीटर. पण अंतराळात घर्षण नाही. तिथे दिलेला प्रत्येक लहान रेटा शिल्लक राहतो आणि पुढच्या रेट्यात भर पडते. तंत्रज्ञांनी हिशेब मांडला. ५८ दिवसांत ३९ वेळा ते झोत पेटवले. एकेका रेट्यासरशी कक्षेचे खालचे टोक वर सरकत गेले. २९ जून १९८३ रोजी टीडीआरएस-१ भूस्थिर कक्षेत पोचला.

मग लँडसॅट-४ ला वाचा फुटली आणि त्याची बारीक चित्रे या निरोप्याच्या मार्फत पुन्हा येऊ लागली.

एका निरोप्याने मात्र भागत नव्हते. पृथ्वीच्या दुसऱ्या अंगालाही एक हवा होता. तो घेऊन २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर उडाले आणि ७३ सेकंदांत फुटले. त्यातले सातही अंतराळवीर गेले. त्यांच्याबरोबर तो दुसरा निरोप्याही गेला. त्यानंतर अडीच वर्षांहून अधिक काळ असे एकही यान उडाले नाही. २९ सप्टेंबर १९८८ रोजी उड्डाणे पुन्हा सुरू झाली, तेव्हा पहिल्याच यानातून नवा निरोप्या नेला गेला. हळूहळू १५ टक्क्यांची गाठ ८५ टक्क्यांवर आली.

आपले राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये रशियाच्या सॅल्यूत-७ स्थानकावर गेले, तेव्हा रशियाकडे असा निरोप्या नव्हता. इंदिराबाईंशी झालेले त्यांचे ते गाजलेले संभाषण पाळी साधूनच झाले. रशियाने आपला पहिला निरोप्या १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये वर धाडला.

आंधळा पट्टा नेमका आपल्या बाजूला

उरलेल्या १५ टक्क्यांचे काय, हे वाचाल तर तुम्हाला नवल वाटेल. नासाचे दोन्ही निरोपे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या व्हाइट सँड्स या एकाच भूकेंद्राला दिसले पाहिजेत, असा बेत होता. म्हणून एक ४१ अंश पश्चिम रेखांशावर आणि दुसरा १७१ अंश पश्चिमेवर बसवला. दोघांच्या मधोमध व्हाइट सँड्स. पण मग पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला एक पट्टा असा राहिला, की तिथून खालच्या कक्षेतले यान दोघांपैकी कोणालाच दिसेना. त्या पट्ट्याची मधली रेषा तुम्ही स्वतः काढून पाहा. ती ७४ अंश पूर्व रेखांशावर येते. आपले नाशिक, पुणे, सातारा, कोल्हापूर याच रेषेच्या आसपास आहेत. म्हणजे आपल्या दिशेच्या आकाशात आणि हिंदी महासागरावर यान आले, की त्याची वाचा बंद होई.

टेपरेकॉर्डर चालू असेपर्यंत हे खपून गेले. पण १९९१ मध्ये सोडलेल्या कॉम्प्टन या अंतराळ दुर्बिणीचे टेपरेकॉर्डर पुढच्याच वर्षी निकामी झाले. शेततळेच फुटले म्हणा ना! त्या पट्ट्यात गोळा झालेली माहिती वाया जाऊ लागली. तेव्हा १९९३ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ एक भूकेंद्र उभारले आणि हिंदी महासागरावर एक निरोप्या आणून बसवला. पुढे १९९८ मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर कायमचे केंद्र झाले आणि आंधळा पट्टा मिटला. शुक्लांचे बोलणे मध्येच तुटले नाही, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

म्हातारपणीची चाकरी

आता त्या पहिल्या निरोप्याचे पुढे काय झाले तेही सांगतो. भूस्थिर उपग्रहाला सूर्य आणि चंद्र आपल्या ओढीने जरा जरा कलंडवत असतात. त्याला सरळ ठेवायला इंधन लागते. टीडीआरएस-१ म्हातारा झाला तसा तो उत्तर-दक्षिण झुलू लागला. एरवी हा दोषच. पण विषुववृत्तावर नीट बसलेला उपग्रह दक्षिण ध्रुवावरून कधीच दिसत नाही. हा कललेला मात्र रोज काही तास दिसू लागला. १९९८ पासून ध्रुवावरच्या अमेरिकी केंद्राला त्याच्या मार्फत जगाशी बोलता येऊ लागले.

१९९९ मध्ये तिथल्या डॉक्टर जेरी निल्सन यांना आपल्याच स्तनात गाठ लागली. केंद्रावर दुसरा डॉक्टर नाही, कडक हिवाळा, विमान उतरणे अशक्य. तपासणीची चित्रे याच निरोप्याच्या मदतीने अमेरिकेतल्या डॉक्टरांकडे गेली आणि त्यांचा सल्ला ध्रुवावर आला. औषधे विमानातून खाली टाकली गेली. ऑक्टोबरमध्ये विमान उतरू शकले तेव्हा त्यांना बाहेर काढले. जो उपग्रह सुरुवातीलाच फुकट गेला असे वाटत होते, तो २००९ पर्यंत राबला आणि २०१० मध्ये निवृत्त झाला. नांगराला न चालणारा बैलही घरच्या चार कामांना उपयोगी पडतो, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नकोच.

आपल्या बांधापर्यंत

२०१६ च्या जानेवारीत युरोपने असाच एक निरोप्या वर धाडला. तो रेडिओऐवजी लेझर किरणांनी निरोप घेतो, त्यामुळे फार मोठी माहिती थोड्या वेळात येते. त्याचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे सेंटिनेल नावाचे पृथ्वी पाहणारे उपग्रह. त्यातला सेंटिनेल-२ पिकांची रंगीत चित्रे घेतो. त्याच्या चित्रातला सर्वांत लहान ठिपका दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद, म्हणजे जवळपास बरोबर एक गुंठा! तुमच्या एकराचे त्याच्या चित्रात चाळीस ठिपके होतात. ढग आले की तो आंधळा होतो. मग सेंटिनेल-१ कामी येतो, कारण त्याच्या रडारला ढग आडवे येत नाहीत.

पूर आला आणि कुठली गावे पाण्याखाली गेली ते पाहायचे असेल, तर चित्र उद्या मिळून काय उपयोग? ते आत्ता हवे. घेतलेले चित्र पाळीची वाट न पाहता खाली आणणे, हीच या निरोप्याची चाकरी.

आपल्या इस्रोनेही माणसाला अंतराळात नेणाऱ्या गगनयान मोहिमेसाठी दोन निरोप्या उपग्रहांची योजना आखली आहे. आपला माणूस आपल्या यानातून जाईल, तेव्हा त्याची हाक आपल्याच निरोप्याने झेलावी, ही त्यामागची इच्छा.

आम्ही विस्तार कार्यकर्तेही एका अर्थी निरोपेच. विद्यापीठातली शिफारस बांधावर आणायची आणि बांधावरची अडचण विद्यापीठात न्यायची. या कामात एक पथ्य पाळावे लागते: निरोप दोन्हीकडून जावा, आणि मधल्याने त्यात पदरचे काही घालू नये. तुमच्या गावात येणाऱ्या कृषी सहायकाला नुसते ऐकू नका, आपली अडचणही त्याच्या हाती नीट पोचवा. एकाच बाजूने बोलणारा निरोप्या अर्ध्याच कामाचा.

शेवटी एक सुचवतो. आकाश निरभ्र असेल तेव्हा, तिन्हीसांज झाल्यावर किंवा पहाटे उजाडण्याआधी, मुलांना घेऊन अंगणात उभे राहा. अंतराळ स्थानक कोणत्या दिवशी, किती वाजता दिसणार ते मोबाईलवर कळते. पश्चिमेकडून एक ठळक चांदणी न लुकलुकता सरकत येईल, डोक्यावरून जाईल आणि चार-पाच मिनिटांत पूर्वेकडे दिसेनाशी होईल. तेवढी मिनिटे घड्याळ लावून मोजा आणि मुलांना सांगा, एके काळी वरच्या माणसाशी बोलायला खालच्यांना अशी मोजकीच मिनिटे मिळत असत. मग दक्षिणेकडे उंच बोट दाखवा. तिथे डोळ्यांना काही दिसणार नाही, पण त्या मोकळ्या दिसणाऱ्या आकाशात असे निरोपे न हलता बसलेले आहेत.